परमताची शुश्रूषा

मराठीत 'शुश्रूषा' हा शब्द आज रुग्णाच्या उशाशी जाऊन बसला आहे. आजाऱ्याला वेळेवर औषध द्यावे, त्याचे अंथरूण झटकावे, रात्री त्याच्याजवळ जागावे, असा त्याचा अर्थ घरोघरी रूढ आहे. शब्दाची घडण मात्र काही निराळेच सांगते. 'श्रु' म्हणजे ऐकणे, आणि त्या धातूचे इच्छादर्शक रूप म्हणजे शुश्रूषा. तेव्हा तिचा मूळ अर्थ ऐकण्याची इच्छा एवढाच होय. गुरूचे बोल ऐकू इच्छिणारा शिष्य गुरुगृही राही, पाणी भरी, समिधा आणी; त्यामुळे ऐकण्याच्या इच्छेला सेवेचा अर्थ चिकटला, आणि पुढे सेवा तेवढी उरली, ऐकणे गेले. शब्दांच्या आयुष्यात असे घडतच असते. परंतु या शब्दाचा मूळ अर्थ दगडावर कोरून ठेवलेला आहे, आणि तोही अशा ठिकाणी की तेथे ऐकावयाचे आहे ते गुरूचे नव्हे, परक्या पंथाच्या शेजाऱ्याचे.

इसवी सनापूर्वीच्या तिसऱ्या शतकात सम्राट अशोकाने जे चौदा मोठे शिलालेख ठिकठिकाणी कोरविले, त्यांतील बारावा या एकाच विषयाला वाहिलेला आहे. जुनागडजवळ गिरनारच्या पायथ्याशी, डेहराडूनजवळ कालसी येथे, आंध्रातील एर्रगुडी येथे तो आहे. आज पाकिस्तानात असलेल्या मानसेहरा व शाहबाजगढी या ठिकाणी तो खरोष्ठी लिपीत आहे; शाहबाजगढीला तर त्याच्यासाठी स्वतंत्र शिळा निवडलेली दिसते. १९६३ साली कंदाहार येथे जी शिळा सापडली तिच्यावर याच लेखाचा शेवटचा भाग ग्रीक भाषेत कोरलेला आढळला. सरहद्दीवरच्या यवन प्रजेला ही गोष्ट तिच्याच भाषेत कळावी, इतके तिचे महत्त्व राजाला वाटत होते. महाराष्ट्रात सोपारा येथे आठव्या आणि नवव्या लेखांचे तुकडे मिळाले आहेत. बारावा आपल्या वाट्याला आलेला नाही.

लेखाचा आशय थोडक्यात असा आहे. राजा सर्व पंथांच्या संन्याशांना व गृहस्थांना दाने देतो, त्यांचा सत्कार करतो. परंतु दानाला किंवा सत्काराला तो तितके महत्त्व देत नाही, जितके सर्व पंथांत जे सारभूत आहे त्याच्या वाढीला देतो. ही वाढ अनेक प्रकारांनी होते. तिचे मूळ मात्र एकच, आणि ते म्हणजे 'वचिगुति', वाणीचे संयमन. प्रसंगावाचून कोणी स्वपंथाची स्तुती करू नये, परपंथाची निंदा करू नये. प्रसंग असलाच तर तीही हलक्या हाताने करावी. केवळ भक्तीच्या भरात जो आपल्याला उंचावतो आणि दुसऱ्याला खाली ढकलतो, तो आपल्याच पंथाची अधिक हानी करतो. म्हणून समवाय, म्हणजे एकत्र येणे, हेच चांगले. लोकांनी एकमेकांचा धर्म ऐकावा आणि ऐकण्याची इच्छा धरावी.

येथे राजाने दोन क्रियापदे वापरली आहेत, ही गोष्ट सहज नजरेतून निसटते. ऐकावे, आणि ऐकण्याची इच्छा धरावी. दुसऱ्या क्रियापदात आपली शुश्रूषा उभी आहे. पहिली गोष्ट शिष्टाचाराने साधते. समोरचा बोलत असताना गप्प बसणे, मधूनमधून मान हलविणे, आणि मनात आपले उत्तर रचीत राहणे, हे सभ्य माणसाला अवघड नाही. दुसरी गोष्ट शिष्टाचाराने साधत नाही. लेखाच्या शेवटी राजा सांगतो की या कामासाठी त्याने धर्ममहामात्र आणि इतर अधिकारी नेमले आहेत. अधिकारी सभा भरवू शकतात, गोंगाट थांबवू शकतात, वक्त्यांचा क्रम लावू शकतात. ऐकण्याची इच्छा मात्र कोणत्याही हुकुमाने निर्माण होत नसते. अशोकाला हे ठाऊक असावे, कारण या लेखात तो धाक घालीत नाही. तो हिशेब मांडून दाखवितो. निंदेने तुमचेच नुकसान आहे, असे तो सांगतो.

याच लेखात आणखी एक शब्द आहे. निरनिराळ्या पंथांना अशोक 'पाषंड' म्हणतो. त्याच्या काळी त्या शब्दाला कसलाही डाग नव्हता. स्वतःच्या पंथालाही तो हाच शब्द लावतो. पुढे वैदिक मार्ग न मानणाऱ्यांना उद्देशून तो योजला जाऊ लागला, आणि मराठीत 'पाखंडी' म्हणजे सरळसरळ शिवी झाली. शेजाऱ्याच्या केवळ नावाची अशी शिवी होते, तेव्हा मधल्या काळात ऐकण्याचे काय झाले असेल याचा अंदाज बांधता येतो. एकाच लेखातले हे दोन शब्द. एकाचा अर्थ आजारी माणसापुरता उरला, दुसऱ्याचा विटाळून गेला.

तथापि अशोकाचे चित्र एकरंगी रंगविणे योग्य होणार नाही. सारनाथ, सांची आणि कौशांबी येथे त्याचा दुसरा एक लेख आहे. बौद्ध संघात जो भिक्षू किंवा भिक्षुणी फूट पाडील, त्याला पांढरी वस्त्रे नेसवून विहाराबाहेर राहावयास लावावे, अशी त्यात आज्ञा आहे. म्हणजे परक्या पंथाचे ऐकावे असे सांगणारा राजा स्वतःच्या संघातील मतभेदाबाबत मात्र कठोर होता. यात विसंगती आहे, पण ती फार मानवी विसंगती आहे. पलीकडच्या घरातला माणूस वेगळे बोलला तर आपण ते त्याच्या घराण्याचे म्हणून सोडून देतो. आपल्याच ओसरीवरचा वेगळे बोलला तर ती फितुरी वाटते. परमताची खरी कसोटी बहुधा घराच्या आतच लागते.

भारतीय शास्त्रकारांनी या प्रश्नाकडे सदुपदेशाच्या अंगाने पाहिले नाही. त्यांनी त्याचे नियम केले. अक्षपाद गौतमाच्या न्यायसूत्रांत चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत. सत्य काय हे ठरविण्यासाठी दोन पक्ष प्रमाणांच्या आधारे बोलतात तो वाद. जिंकण्यासाठी वाटेल ती युक्ती योजून बोलतात तो जल्प. आणि स्वतःचे काही न मांडता दुसऱ्याचे केवळ खोडून काढावयाचे ती वितंडा. मराठीत आपण वितंडा आणि वाद यांना जोडून 'वितंडवाद' असा एक शब्द केला आहे. नैयायिकाच्या कानाला तो चमत्कारिकच लागेल, कारण त्याच्या दृष्टीने जेथे वितंडा आहे तेथे वाद संपलेला आहे.

वादात पराभव केव्हा मानावयाचा, याची बावीस निग्रहस्थाने गौतमाने मोजली आहेत. त्यांतली दोन येथे विशेष लक्षात घेण्याजोगी आहेत. वक्त्याने आपले म्हणणे तीनदा सांगूनही ते सभेला व प्रतिपक्षाला कळले नाही, तर दोष वक्त्याचा. दुर्बोध शब्दांआड लपणारा हरला. पण वक्त्याचे म्हणणे सभेला कळले आहे, तीनदा सांगून झाले आहे, आणि तरीही प्रतिपक्षाला ते परत उच्चारून दाखविता आले नाही, तर प्रतिपक्ष हरला. या दुसऱ्या दोषाचे नाव 'अननुभाषण'. ज्याचे खंडन करावयाचे ते आधी स्वतःच्या तोंडाने नीट सांगता आले पाहिजे. इतका साधा, इतका कडक नियम आजच्या किती सभांना, किती वृत्तवाहिन्यांवरील चर्चांना सोसेल, कोण जाणे!

दुसऱ्याचे बोलणे वाकडे घेण्याचेही गौतमाने वर्ग पाडले आहेत. त्याला तो 'छल' म्हणतो. भाष्यकार वात्स्यायनाने त्याचे दिलेले उदाहरण आजही हसू आणते. कोणी म्हणतो, या मुलाजवळ नव कांबळे आहे. त्याला म्हणावयाचे आहे की कांबळे नवे आहे. पण संस्कृतात 'नव' म्हणजे नऊही. म्हणून दुसरा विचारतो, नऊ कोठे आहेत, एकच तर दिसते! हा छल पोरकट वाटतो खरा, पण त्याचे मोठे भाऊ आपल्या आळीत रोज भेटतात. एका घरी संध्याकाळी भजन चालते आणि ध्वनिक्षेपक लावलेला असतो. शेजारचा येऊन सांगतो, घरात म्हातारे माणूस आजारी आहे, आवाज जरा कमी ठेवा. भजन करणाऱ्यांच्या कानात ते शिरते ते 'तुमचा देव बंद करा' असे होऊन. त्याचे म्हणणे आवाजाविषयी होते, यांनी ते देवाविषयी करून घेतले. मग उत्तरही देवाविषयीच दिले जाते, आणि आवाज होता तेवढाच राहतो. उलट बाजूही तितकीच बहिरी असते. दिवसभर एकटेपण सोसणाऱ्या चार वृद्ध स्त्रियांची ती घटकाभर भजनाची बैठक हीच काय ती सोबत असते, हे तक्रार करणाऱ्याने कधी विचारलेलेच नसते. २००० सालच्या ध्वनिप्रदूषणविषयक नियमांनी रात्री १० ते सकाळी ६ या वेळेचा प्रश्न सोडविला आहे. संध्याकाळी सातचा प्रश्न दोन घरांनाच सोडवावा लागतो, आणि तेथे अननुभाषणाचा नियम कायद्याहून अधिक उपयोगी पडतो. 'तुमचे म्हणणे आवाजाबद्दल आहे ना?' एवढे एक वाक्य आधी उच्चारले गेले तरी निम्मे भांडण गळून पडते.

शास्त्रग्रंथांत हाच नियम 'पूर्वपक्ष' या नावाने वावरतो. विषय सांगावयाचा, त्याविषयीचा संशय सांगावयाचा, मग विरुद्ध मत सांगावयाचे, आणि त्यानंतरच स्वतःचे. मीमांसकांनी ही रीत घालून दिली, इतरांनी ती उचलली. पूर्वपक्ष जितका बलवान तितके त्याला दिलेले उत्तर मोलाचे, हे जाणणाऱ्या ग्रंथकारांनी तो इतक्या निष्ठेने लिहिला आहे की विद्यार्थ्याने पोथी मध्येच उघडली तर हे मत ग्रंथकाराचे की त्याच्या प्रतिपक्षाचे, हे त्याला चटकन उमगत नाही.

परंतु पूर्वपक्ष दुसऱ्याच्या हातचा असतो, आणि त्यात एक धोका आहे. चार्वाकांचे काय झाले ते पाहावे. आत्मा, परलोक, कर्मफल यांपैकी काहीही न मानणारा हा संप्रदाय. त्याचे मूळ ग्रंथ नष्ट झाले. चौदाव्या शतकात माधवाचार्यांनी सर्वदर्शनसंग्रहात पहिले प्रकरण चार्वाकाला दिले. पुण्यात वासुदेवशास्त्री अभ्यंकरांनी या ग्रंथावर संस्कृत टीका लिहून भांडारकर संस्थेतर्फे १९२४ साली तो प्रसिद्ध केला, त्यामुळे कित्येक अभ्यासकांना चार्वाक प्रथम तेथेच भेटला. तो भेटला तो मात्र प्रतिपक्षाच्या शब्दांत. कर्ज काढून तूप पिणारा सुखलोलुप माणूस, एवढीच त्याची ओळख लोकांत उरली. प्रत्यक्षाखेरीज इतर प्रमाणांविषयी त्याने घेतलेल्या आक्षेपांचा पल्ला केवढा होता, हे त्याच्या स्वतःच्या तोंडून ऐकण्याची सोय राहिली नाही. ज्याचे म्हणणे फक्त त्याचे विरोधक सांगतात, त्याचे हळूहळू व्यंगचित्र होते.

या हकिकतीला एक उलटे वळणही आहे. गुजरातेतील पाटणच्या जैन ग्रंथभांडारात एक ताडपत्राची पोथी शतकानुशतके पडून होती. तिचे नाव 'तत्त्वोपप्लवसिंह', कर्ता जयराशी भट्ट. हा सुमारे आठव्या-नवव्या शतकातला संशयवादी. ज्ञानाचे कोणतेही प्रमाण टिकत नाही, असे तो नैयायिक, मीमांसक, बौद्ध आदी सर्वांना एकामागून एक सांगत सुटतो. आत्मा मानणाऱ्यांवर त्याचा रोख आहे, आणि जैन हे आत्मा मानणारेच. तरीही ज्या पोथीने आपल्या श्रद्धेच्या मुळावर घाव घातला, ती जैनांनी कपड्यात गुंडाळून, वाळवीपासून आणि ओलीपासून राखून ठेवली. शांतरक्षित या बौद्ध पंडिताचा 'तत्त्वसंग्रह' १९२६ साली बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत छापला गेला, तोही जैन भांडारांनी जपलेल्या पोथ्यांच्या आधारे. बौद्ध धर्म या देशातून जवळजवळ नाहीसा झाला तेव्हा त्याची पुस्तके शेजाऱ्याच्या घरी होती.

जयराशीचा ग्रंथ १९४० साली त्याच मालेत प्रसिद्ध झाला. त्याचे संपादक पंडित सुखलालजी आणि रसिकलाल परीख. सुखलालजी स्वतः जैन. सोळाव्या वर्षी देवीच्या आजाराने त्यांची दृष्टी गेली. त्यानंतर काशीला आणि मिथिलेला जाऊन त्यांनी जी न्याय-वेदान्तादी शास्त्रे आत्मसात केली ती सर्व दुसऱ्याच्या मुखातून ऐकून. जैन परंपरेतला एक दृष्टिहीन पंडित, आत्म्याचे अस्तित्व नाकारणाऱ्या लेखकाचा ग्रंथ ओळीओळीने ऐकतो आहे आणि त्याचा पाठ शुद्ध करतो आहे. शुश्रूषा या शब्दाचा मूळ अर्थ याहून स्पष्ट कोठे दिसणार?

जैनांच्या अनेकान्तदृष्टीची आठवण येथे होणे साहजिक आहे, पण तिचा अर्थ सर्वांचेच बरोबर असा करण्याची जी पद्धत पडली आहे ती बरोबर नाही. आठव्या शतकातील हरिभद्रसूरींनी 'षड्दर्शनसमुच्चया'त बौद्ध, न्याय, सांख्य इत्यादी दर्शने, आणि शेवटी लोकायतसुद्धा, निंदेचा एक शब्द न उच्चारता सांगितली. पण त्याच हरिभद्रांनी 'अनेकान्तजयपताके'त प्रतिपक्षांचे खंडनही केले आहे, आणि तेही कसून. आदराने ऐकणे आणि ठामपणे नाकारणे ही दोन्ही कामे एकाच माणसाला करता येतात.

अशी नाकारण्याची रीत आपल्या अलीकडच्या इतिहासातही एका ठिकाणी सलगपणे पाहावयास मिळते, आणि ते ठिकाण म्हणजे संविधान सभा. १३ डिसेंबर १९४६ रोजी पंडित नेहरूंनी ध्येयविषयक ठराव मांडला. मुस्लिम लीग सभेत आलेली नव्हती, संस्थानांचे प्रतिनिधीही नव्हते. त्यांना येण्यास अवधी मिळावा म्हणून ठराव पुढे ढकलावा, अशी दुरुस्ती मुकुंदराव जयकरांनी सुचविली. बहुमताला ती रुचली नाही. दुसऱ्या दिवशी, १७ तारखेला, डॉ. आंबेडकरांना बोलण्यास पाचारण झाले. काँग्रेसशी त्यांचा उभा दावा होता आणि ते जयकरांच्या बाजूने बोलले. हा ठराव करण्याचा सभेला अधिकार आहे की नाही हा प्रश्न नसून तो आज करणे शहाणपणाचे आहे की नाही हा प्रश्न आहे, असा त्यांच्या भाषणाचा रोख होता. सभेने ते भाषण शांतपणे ऐकले. ठराव पुढील अधिवेशनावर गेला आणि २२ जानेवारी १९४७ रोजी संमत झाला. तोवर लीग आलेली नव्हती. वाट पाहणे त्या अर्थी फुकट गेले. पण २९ ऑगस्ट १९४७ रोजी याच सभेने मसुदा समिती नेमली आणि तिचे अध्यक्षपद या प्रतिपक्ष्याकडे आले.

मसुद्यावर ७,६३५ दुरुस्त्यांच्या सूचना आल्या. त्यांपैकी २,४७३ सभेत प्रत्यक्ष मांडल्या गेल्या. बहुतेकांच्या वाट्याला नकार आला. प्राध्यापक के. टी. शहा यांनी १५ नोव्हेंबर १९४८ रोजी पहिल्याच अनुच्छेदात धर्मनिरपेक्ष, संघराज्यात्मक आणि समाजवादी हे शब्द घालण्याची दुरुस्ती मांडली. आंबेडकरांनी ती स्वीकारली नाही, पण का स्वीकारली नाही ते सांगितले: समाजाची आर्थिक घडी कशी असावी हे त्या त्या काळच्या लोकांनी ठरवावयाचे आहे, संविधानाने त्यांचे हात बांधू नयेत. दुरुस्ती पडली. १९७६ साली बेचाळिसाव्या दुरुस्तीने समाजवादी व धर्मनिरपेक्ष हे दोन शब्द उद्देशिकेत आले, तेव्हा शहांचे म्हणणे आणि आंबेडकरांचे उत्तर ही दोन्ही सभेच्या वृत्तान्तात शेजारी शेजारी छापलेली होती, आणि आजही ती पडताळून पाहता येतात.

२५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात आंबेडकरांनी ज्यांचे आभार मानले त्यांत ही बंडखोर मंडळी आहेत: कामत, पंजाबराव देशमुख, सिधवा, सक्सेना, ठाकुरदास भार्गव, आणि त्यांच्या जोडीला के. टी. शहा व हृदयनाथ कुंझरू. यांच्या सूचना आपण मान्य केल्या नाहीत, म्हणून त्यांचे मोल कमी होत नाही. हे बंडखोर नसते तर सभेचे काम रुक्ष होऊन संविधानामागील तत्त्वे उलगडून सांगण्याची संधीच आपल्याला मिळाली नसती, असा त्या उद्गारांचा भाव होता. यांतले कित्येक सत्तारूढ पक्षाचेच सभासद होते. सारनाथच्या स्तंभावर जी गोष्ट राजाला जमली नव्हती, ती येथे एका समितीच्या अध्यक्षाने केली.

हे झाले मोठ्या सभांचे. लहान माणसाला परमताच्या श्रवणाचा अनुभव येतो तो कचेरीत, आणि तेथे मराठीने फार नेमके शब्द घडविले आहेत. प्रकरण चालते त्याला आपण 'सुनावणी' म्हणतो; म्हणजे ऐकण्यावरून नाव पडले, निर्णयावरून नाही. महाराष्ट्रातील न्यायालयांत दुसऱ्या पक्षाने जे लेखी उत्तर द्यावयाचे त्याला 'म्हणणे' असा साधा शब्द आहे. म्हणणे दाखल करा, असेच सांगितले जाते. दुसरी बाजू ऐकल्यावाचून कोणाच्या हक्काला बाध येईल असा निर्णय करू नये, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली पारपत्राच्या गाजलेल्या प्रकरणात पुन्हा ठसविले, आणि शासकीय अधिकाऱ्यांनाही ते बंधनकारक आहे. त्यामुळे शेताच्या बांधाचा तंटा असो की गावच्या वहिवाटीच्या रस्त्याचा, रीतसर लिहिलेला आदेश अजूनही जुन्या शास्त्रग्रंथाच्या वळणाने जातो. आरंभी अर्जदाराचे म्हणणे, मग सामनेवाल्याचे म्हणणे, मग मुद्दे, मग कारणे, आणि सर्वांत शेवटी निर्णय.

या क्रमात दोन्ही म्हणणी नुसती उतरवून घेऊन भागत नाही. पुष्कळ आदेशांत ती शब्दशः नोंदलेली असतात आणि पुढची कारणे त्यांना स्पर्शही न करता निघून जातात. शेतकऱ्याने सांगितलेले असते पावसाळ्यात पाणी कोणीकडून वाहते ते, आणि उत्तर दिलेले असते जुन्या नकाशावरच्या रेघेविषयी. असा आदेश अपिलात टिकणे कठीण. ऐकले, पण विचारात घेतले नाही, असा शेरा त्याच्यावर पडतो, प्रकरण फेरसुनावणीसाठी परत खाली येते, आणि दोन्ही शेजाऱ्यांना पुन्हा तारीख दिली जाते.